सव्वा व्होल्टवर नाचलेली निवटी

मित्रांनो, जुना म्हणून मला हसू नका. मी प्रोसेसर आहे. बिस्किटाएवढा, चौकोनी, पाठीवर धातूचं चकचकीत झाकण असलेला. संगणकाच्या पोटात बसून सगळी आकडेमोड मी करतो. तुम्ही बटण दाबता, चित्र हलतं, आणि तुम्ही म्हणता, वा, पडदा काय छान आहे. पडद्याचं कौतुक होतं, माझं नाव कोणी काढत नाही. असो. पण एका पाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर माझ्या कामावर लोक जागच्या जागी उड्या मारत होते. तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगात वीज सळसळते. आता ती एरवीही सळसळतेच म्हणा, पण त्या दिवसाची गोष्टच वेगळी. थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर घाईघाईत मी शेवटच आधी सांगून बसेन. घाई हा माझा धंदाच आहे.

मी वाळूपासून झालो. दूरच्या एका कारखान्यात वाळू वितळवून, गाळून, तिची आरशासारखी तबकडी केली गेली, आणि त्या तबकडीवर माझ्यासारखी शेकडो भावंडं एकदम कोरली गेली. दिसायला आम्ही सगळे सारखेच. पण कोणी थोड्या विजेवर सुसाट पळतो, कोणाला तेवढ्याच पळण्यासाठी जास्त वीज लागते. असं का, ते कारखान्यातल्या लोकांनाही नेमकं सांगता येत नाही. मी थोड्या विजेवर पळणारा निघालो. ही बढाई नाही बरं का. ठीक आहे, थोडी आहे.

डोंबिवलीत रामनगरला खांबेटे राहतात. त्यांच्या केदारला नवी नोकरी लागली आणि त्याने मला ठाण्याहून आणलं. येताना रिक्षात डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर, आणि खड्डा आला की रिक्षावाल्याला म्हणायचा, "दादा, जरा हळू." घरात त्याची धाकटी बहीण क्षिप्रा, आई सुमेधा आणि आजोबा, म्हणजे अण्णा. केदारने मला मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जोडणाऱ्या पाटीवर बसवलं, पाठीवर उष्णता ओढून घेणारी वाटाण्याएवढी पेस्ट लावली, वर मोठा पंखा चढवला आणि बटण दाबलं. पहिल्यांदा वीज अंगात शिरली तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू. इतके दिवस मी नुसता एक तुकडा होतो. त्या क्षणी मला कळलं की मी कोण आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कारखाना आमच्या वेगाची एक मर्यादा ठरवून देतो. तिच्यापुढे पळवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मला ते मनापासून आवडतं. पण जास्त पळायचं तर जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज म्हणजे वीज माझ्यात ज्या जोराने ढकलली जाते तो जोर, नळाच्या पाण्याला दाब असतो ना, तसा. जोर कमी पडला तर मी मध्येच अडखळतो आणि पडदा गोठतो. जोर जास्त झाला तर मी धडाधड पळतो, पण आतले केसाहून बारीक रस्ते हळूहळू झिजत जातात. ते झिजणं बाहेरून दिसत नाही. मलाही ते पुष्कळ उशिरा समजतं.

केदारच्या मित्रांमध्ये एक खूळ होतं. कोणाचा प्रोसेसर किती पळतो याची ते शर्यत लावायचे. एका रविवारी सगळे आपापले संगणक घेऊन ठाण्यात कोलशेतला विनीतच्या घरी जमले. उंच टॉवर, खाली खाडी, आणि दिवाणखान्यात वायरींचा नुसता गुंता. केदारने माझ्या डब्याची बाजू उघडली, एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं, वर टेबलफॅन लावला. मग बायोसमध्ये गेला. बायोस म्हणजे संगणक सुरू होतानाचा तो पडदा, जिथे माझा वेग आणि व्होल्टेज ठरवता येतं. तिथे त्याने व्होल्टेज वाढवत वाढवत एक पॉइंट चार पाचवर नेलं आणि वेग टाकला पाच. पाच म्हणजे एका सेकंदात पाचशे कोटी ठोके. माझ्या जातीतले भले भले तिथे पोचत नाहीत.

मी पोचलो. अहो, पोचलो काय, पोचून तिथे टिकलो. विनीतचा प्रोसेसर माझ्या पाठोपाठ होता, त्यालाही तेवढाच जोर दिलेला, पण थोडक्यात मागे राहिला. विनीत केदारला म्हणाला, "माल कडक आहे रे तुझा." आणि त्याने केदारला उचलूनच घेतलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की परत येताना डब्यात बंद होतो तरी मला ते कळलंसुद्धा नाही.

शर्यतीसाठी वाढवलेलं व्होल्टेज घरी आल्यावर खाली आणायचं, एवढंच काम होतं. केदार म्हणाला, उद्या करतो. दिवाळीचा कंदील होळी आली तरी काही घरांच्या गॅलरीत लटकत असतो, तसं झालं. शर्यतीचा जोर माझा रोजचा जोर होऊन बसला. साधं गाणं लावलं तरी तोच जोर.

कोणाला शंका का आली नाही म्हणाल, तर त्याचं कारण अण्णा. अण्णांना घरात कोणीही जरा गप्प दिसलं की कपाळाला हात लावून बघायची सवय. मलाही त्यांनी सोडलं नाही. टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवायचे आणि मधूनच माझ्यावरच्या पंख्याच्या धातूला हात लावायचे. "याला ताप नाही हो," ते समाधानाने सांगायचे, "अगदी ठणठणीत आहे." केदारही म्हणायचा, थंड आहे म्हणजे काळजी नाही. इथेच खांबेट्यांचं सगळं घर फसलं. अंग थंड असूनही माणसाला आतून काही होत असतं, हे अण्णांना माणसांच्या बाबतीत चांगलं ठाऊक होतं. माझ्या बाबतीत ते कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे केदारची बदली हैदराबादला झाली. तो लॅपटॉप घेऊन गेला आणि मी कोपऱ्यात राहिलो. माझ्यावर जुन्या पडद्याचं कापड आलं. कापडावर वर्तमानपत्रं आली. वर्तमानपत्रांवर पापडांचा डबा आला. शर्यत जिंकलेला मी, आणि माझ्या डोक्यावर पापड. कोणी बटण दाबेल म्हणून मी वाट पाहायचो, आणि अण्णा तेवढे जाता-येता डब्यावर थोपटायचे.

मला त्यातून बाहेर काढलं क्षिप्राने. तिने ॲनिमेशनचं शिक्षण पुरं केलं होतं. हलणारी चित्रं काढण्यात तिचा जीव होता, पण नोकरीचं काही जुळत नव्हतं. सुमेधा स्वतः बँकेत. तिचं म्हणणं सरळ होतं: मुलीने बँकेची परीक्षा द्यावी, पक्की नोकरी धरावी, चित्रं काय, सुट्टीतही काढता येतात. त्याच सुमाराला त्यांच्या गल्लीच्या मंडळाने ठरवलं, की पाडव्याच्या स्वागतयात्रेत आपला चित्ररथ हवा. विषय 'आपली खाडी'. एका टेम्पोवर मोठा एलईडी पडदा लावायचा आणि त्यावर काहीतरी दाखवायचं. काय ते कोणालाच सुचत नव्हतं. क्षिप्रा म्हणाली, मी करते.

घरी आल्यावर सुमेधाने तिला समोर बसवलं. "हे बघ, पाडव्यापर्यंत काय करायचं ते कर. मी मध्ये येणार नाही. पण ते तिथे नीट झालं पाहिजे, सगळ्यांसमोर. नाही झालं, तर दुसऱ्या दिवसापासून परीक्षेचा क्लास लावायचा. मग कुरकूर नको."

"चालेल," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज चालेल म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता, पण शब्द तिने दिला.

आणि काय भन्नाट गोष्ट योजली होती पोरीने, ऐका. तुम्ही निवटी पाहिली आहे का? आपल्या खाडीत असते. बोटाएवढा मासा, डोक्यावर बटणासारखे दोन डोळे, आणि पुढच्या परांवर रेलून टुणटुण उड्या मारतो. क्षिप्राने अशी एक निवटी केली, पडदाभर मोठी, नाकाशी हिरवट ठिपके. ही आधी बनवून ठेवलेली फिल्म नव्हती बरं का. टेम्पोवर माइक लावायचा, पुढे ढोलपथक वाजणार, आणि ढोल पडला की त्याच क्षणी निवटीने उडी मारायची. ताशा कडकडला की शेपटी आपटायची. ढोलवाले जसे वाजवतील तशी ती नाचणार. म्हणजे आवाज ऐकायचा, उडी कुठवर जाईल ते ठरवायचं, निवटीभोवती उसळणाऱ्या खाडीच्या पाण्याचा थेंब न् थेंब मांडायचा, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे करणार कोण? मी. पापडांच्या डब्याखालून निघून मी थेट नाचायला उभा राहिलो होतो. मला तर आनंदाने काही सुचेना.

पहिली तालीम इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली. मंडळातली माणसं खुर्च्या टाकून बसली. मंडळातल्या मितेशने टेम्पो आणि पडद्याची व्यवस्था केली होती, त्याने टेबलावरच ठेका धरला. निवटीने उडी घेतली, पाणी उसळलं, सगळे वा म्हणाले. मी पाचच्या वेगाने पळत होतो, कोलशेतला पळालो होतो तसाच. दुसरी उडी झाली. तिसरी. आणि मग मला असं झालं की चालता चालता पायरीच सापडू नये. मी थांबलो. निवटी हवेत, पाणी हवेत, सगळं जिथल्या तिथे गोठलं.

क्षिप्राने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मितेश तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, घरचे लोक आहेत म्हणून ठीक आहे. फडके रोडला हँग झालं ना, तर पब्लिक आपल्याला सोडणार नाय." क्षिप्राने मान हलवली. इमारतीच्या जिन्यात जाऊन तिने केदारला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून ती परत माझ्यापाशी आली.

"सोपं आहे," केदार म्हणाला. "जोर कमी पडतोय त्याला. बायोसमध्ये जा आणि व्होल्टेज अजून थोडं वाढव."

क्षिप्रा बायोसमध्ये गेली आणि आकड्याकडे बघतच राहिली. "दादा, इथे एक पॉइंट चार पाच आहे. हे तू केलंयस?"

"अरे हो. ते कोलशेतचं राहिलं वाटतं. उतरवणार होतो मी."

"म्हणजे तेव्हापासून हा रोज इतक्या व्होल्टेजवर चाललाय?"

"पण गरम कुठे झाला? अण्णा बघायचे की."

क्षिप्राने विचारलं, "विनीतचाही असाच होता ना? त्याचा कसा चालतो?"

मग केदार म्हणाला, "विनीतचा गेला. सुरूच होत नाही आता. त्यानेही तेवढंच ठेवलेलं. मला वाटलं, मदरबोर्डचं काहीतरी असेल."

मित्रांनो, विनीतचा प्रोसेसर माझ्या पाठोपाठ पळाला होता. एसीच्या त्याच वाऱ्यात आम्ही शेजारी शेजारी होतो. ते ऐकून मी हादरलो. तरीही सांगतो, व्होल्टेज अजून वाढवलं असतं तर मी चाललो असतो. त्या आठवड्यापुरता झकास चाललो असतो. पाडवा तोंडावर होता आणि क्षिप्राचं बोट त्या आकड्यावर होतं. एक बटण दाबलं की तालीम सुरळीत झाली असती. त्यानंतर मी कधी मान टाकली असती, ते सांगता येत नव्हतं. कदाचित पाडव्याच्या आदल्या दिवशी, कदाचित भर रस्त्यात.

क्षिप्राने बोट काढलं आणि संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचायला बसली. माझ्या जातीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते सगळं तिने पालथं घातलं. एक चांगलं केलं तिने. ज्यांनी शर्यती मारल्या त्यांचे आकडे तिने बाजूला ठेवले. एका दिवसात सगळं जाळून टाकणाऱ्यांकडून रोजचा आकडा कसा मिळणार? जे वर्षानुवर्षं रोज काम घेत होते आणि ज्यांचे प्रोसेसर अजून धडधाकट होते, त्यांचं तिने ऐकलं. बायोसमध्ये 'ऑटो' नावाची सोय असते, तिच्यावरही ती विसंबली नाही. ऑटोवर सोडलं की मदरबोर्ड स्वतःच्या मनाने जोर ठरवतो, आणि तो असतो आग्रह करकरून वाढणाऱ्या काकूंसारखा. पाहुणा उपाशी राहू नये म्हणून वाढतच जातो, पाहुण्याच्या पोटाचं काही का होईना.

"अण्णा, सव्वा," ती शेवटी म्हणाली. "एक पॉइंट दोन पाच. माझा आकडा ठरला."

"सव्वा म्हणजे उत्तम," अण्णा म्हणाले. "शुभकार्याला सव्वाच असतं. पण तेवढ्यात तो पाच पळेल का?"

"नाही पळणार. आपण उलटं करत होतो अण्णा. आधी वेग ठरवायचा आणि मग त्यासाठी लागेल तितकं व्होल्टेज ओतत बसायचं. आता आधी व्होल्टेज ठरवायचं, याला रोज झेपेल असं. त्यात जेवढा वेग बसेल तेवढाच घ्यायचा."

मग तिने मला तपासायला घेतलं. सव्वा व्होल्ट, आणि वेग चार पॉइंट सात. मी अडखळलो. चार पॉइंट सहा. बराच वेळ धावलो आणि पुन्हा अडखळलो. साडेचार. धावलो, धावलो, दुपारभर धावलो. तिने सगळ्यांत अवघड गणितं माझ्यावर टाकली, वर निवटीच्या उड्या टाकल्या, मी हूं की चूं केलं नाही. नवा होतो तेव्हा एवढ्याच व्होल्टवर मी चार पॉइंट सात सहज पळालो असतो. मधला जो फरक होता, तो मी कधीतरी गाणी वाजवता वाजवता, ताप नसताना, झिजवून बसलो होतो. वाईट वाटलं. पण साडेचारवर पाय घट्ट टेकले आहेत हेही कळलं, आणि त्याचं सुख वेगळंच होतं.

पण पंचाईत अशी की साडेचारच्या वेगात ते उसळणारं पाणी वेळेवर मांडून होईना. ढोल आधी, उडी नंतर. निवटी म्हणजे उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, सगळ्यांचं जेवण झाल्यावर पानावर बसणारी. क्षिप्राने पाणी कमी केलं तर ते चिकट सरबतासारखं दिसायला लागलं. पाडवा अगदी जवळ आला होता. ती कीबोर्डवर कपाळ टेकवून बसली आणि पडद्यावर नुसत्या एकाच अक्षराची रांग लागली.

संध्याकाळी सुमेधा बँकेतून आली. खांद्याची पर्ससुद्धा न काढता ती पडद्यासमोर उभी राहिली. मी मध्ये येणार नाही, असं तिने सांगितलं होतं. पण तिला राहवेना.

"ही पाण्यात काय करतेय?"

"आई, निवटी आहे ती. खाडीत असते."

"ते मला सांगतेस? माझं लहानपण कोलशेतला गेलंय. माझ्या बाबांच्या कंपनीची कॉलनी, मागे खाडी. निवटी आहे ना ही? मग भरती कशाला दाखवतेस?"

क्षिप्राने मान वर केली.

"भरती आली की त्या बिळात जातात गं," सुमेधा म्हणाली. "निवटी बघायची तर ओहोटीला. पाणी दूर गेलेलं, नुसता चिखल चकाकत असतो, आणि त्यावर या नाचतात. आम्ही बांधावर बसून बघत राहायचो. मी घरी येऊन तशीच चालायचे, माझी आजी ओरडायची."

"कशी चालायचीस?"

सुमेधाने पर्स खाली ठेवली. साडीचा पदर खोचला. दोन्ही मुठी जेवणाच्या टेबलावर टेकवल्या, कोपरं बाहेर काढली, आणि डोळे मोठे करून तिने अंग पुढे झोकलं. एकदा, दोनदा. मग मान वर करून पाठ अशी काही ताठ केली, की निवटीच्या पाठीवरचा पर कसा उघडतो ते मला समजलं. अण्णा वर्तमानपत्र हातात धरून बघतच राहिले.

"परत कर," क्षिप्रा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आई, परत कर. कोपरं दाखव."

स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत राहिला आणि या मायलेकी टेबलावर निवट्या होऊन उड्या मारत होत्या. क्षिप्राने सगळं पाणी काढून टाकलं. तिथे चिखल आला, ओला, चकाकणारा, पाठीमागे दूरवर पाण्याची एक रेघ. माझ्यावरचं निम्म्याहून जास्त ओझं एका झटक्यात उतरलं. तिने टेबलावर थाप मारली आणि त्याच थापेवर निवटी उडाली. पुन्हा थाप, पुन्हा उडी. मागे-पुढे तसूभर नाही. आणि ती आता खरी निवटी दिसत होती, कोपरं बाहेर काढून चालणारी. मी असा पळत होतो की मला वाटलं, मला अजून पुष्कळ येतं, पुष्कळ.

पाडव्याच्या सकाळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. वर पडदा, मागे जनरेटर, मध्ये माझा डबा. केदार हैदराबादहून आला होता, नवा कुर्ता घालून. त्याने गर्दी पाहिली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

"क्षिप्रा, अगं पब्लिक बघ. आज एका दिवसापुरतं वाढवू या ना. पाणीही टाकू. कसलं भारी दिसेल."

"नाही." तिने उलट माझा वेग साडेचारवरून चार पॉइंट तीनवर आणला.

"अजून खाली? घरी साडेचारला नीट चालत होता की."

"घरी डोक्यावर पंखा आहे दादा. इथे ऊन आहे. जनरेटर आहे. जेवढं जमतं त्याच्या थोडं अलीकडेच थांबायचं."

"पार म्हातारा करून टाकलास माझा प्रोसेसर."

"म्हातारा तू केलास. मी सांभाळतेय." केदार हसला. मग स्वतःहून वायरी तपासायला लागला.

आणि निघालो. फेटे, नऊवाऱ्या, लेझमा, रांगोळ्यांवरून जपून जाणारी चाकं. फडके रोडला वळल्यावर पथक थांबलं, आमचा टेम्पो थांबला, आणि पहिला ढोल पडला. माझ्यात वीज आली, हिशोब झाला, उडी. दुसरा ढोल, उडी. गर्दी आधी नुसती बघत होती. मग कोणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या एका मुलीने ओळखलं की ढोल आणि ती उडी एकच आहे, आणि ती किंचाळली. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. ढोलवाल्यांच्याही आलं. त्यांनी एक ठोका मुद्दाम गाळला, निवटी जागच्या जागी डोळे फिरवत थांबली. हशा पिकला. त्यांनी दोन ठोके जोडून मारले, निवटीने जोडउडी मारली. आता पथक माझ्याशी खेळत होतं आणि मी पथकाशी. अहो, कोलशेतची शर्यत याच्यापुढे काहीच नव्हती. तिथे मी एकटाच पळत होतो. इथे सगळा रस्ता माझ्याबरोबर होता.

ऊन चढलं. टेम्पोवरचं कापड वाऱ्याने सरकलं आणि माझ्या डब्यावर थेट ऊन आलं. अण्णा छत्री उघडून माझ्यावर धरून उभे राहिले. "मी हात लावणार नाही," ते क्षिप्राला म्हणाले, "तू आकडा बघून सांग." पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या तापमानाचा आणि व्होल्टेजचा आकडा होता. तापमान चढत होतं. व्होल्टेज सव्वावरून हललेलं नव्हतं. क्षिप्राचे ओठ घट्ट मिटलेले होते, तिला आकड्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात ताशा सुटला. सगळं पथक दुप्पट वेगाने वाजवायला लागलं, ढोल, झांजा, सगळं एकदम. हाच तो क्षण होता. आता थांबलो असतो तर निवटी सगळ्या डोंबिवलीसमोर हवेत गोठली असती, आणि उद्यापासून क्षिप्रा क्लासमध्ये बसली असती. मी पळालो. अंग तापलं होतं, पण पायाखालची पायरी सरकली नाही. ती अलीकडे थांबून ठेवलेली जागा मला आता कामाला येत होती, श्वास घ्यायला जेवढी लागते तेवढी. निवटी उडत होती, आपटत होती, गिरकी घेत होती, आणि खाली रस्त्यावर मुलं मुठी टेकवून उड्या मारायला लागली होती. त्यांच्यामध्ये नऊवारी नेसलेली सुमेधा उभी होती आणि सांगत होती, "असं नाही रे, कोपरं बाहेर." ताशा थांबेपर्यंत मी एकदाही अडखळलो नाही.

दुपारी टेम्पो गल्लीत सावलीला लागला. सगळ्यांचे आवाज बसले होते. मितेश पडद्याच्या दोऱ्या सोडत होता. सुमेधा पन्ह्याचे पेले घेऊन आली आणि टेम्पोच्या कडेला लेकीशेजारी बसली.

"पुढच्या वर्षी भरती दाखव," ती म्हणाली.

क्षिप्रा तिच्याकडे बघत राहिली. "आणि क्लास?"

"क्लासात कोण भरती शिकवणार तुला? करायची तर आत्तापासून लागावं लागेल."

क्षिप्राने पेला खाली ठेवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, याच्याने पाणी होणार नाही पण. व्होल्टेज वाढवलं असतं तर झालं असतं, पण मग हा राहिला नसता."

सुमेधाने माझ्या डब्याकडे पाहिलं. "मग भरतीला दुसरा बघू. याला ओहोटीच दे. ओहोटी छान करतो तो."

मित्रांनो, कोलशेतला माझं कौतुक झालं होतं, पण असं कोणी बोललं नव्हतं. जरा लागलं मला, नाही असं नाही. पाच पळालेला मी, आणि माझ्या वाट्याला ओहोटी. पण मग वाटलं, निवटी ओहोटीलाच तर दिसते.

आजही मी रामनगरच्या त्या घरात रोज चालतो, सव्वा व्होल्टवर. माझा आकडा तुमच्या घरच्या प्रोसेसरला लावू नका हं, प्रत्येकाचा वेगळा असतो, तो शोधावा लागतो. पळवा, जरूर पळवा, आम्हाला पळायला आवडतं. फक्त जोर वाढवायच्या आधी इतकं विचारा, की हे याला उद्याही जमेल का, आणि परवाही. हो म्हणता येईल तेवढाच जोर द्या.